ड्रायव्हर, झोप झाली का?

पुण्याच्या गाडीला बोर्ड लागला तशी आबांनी माझी बॅग माझ्याच हातात दिली आणि ते सरळ ड्रायव्हरच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले. बार्शीचा एसटी स्टँड, सकाळचे आठ, दारात नेहमीची ढकलाढकली. मला वाटलं, पोरीला नीट न्या, असं काहीतरी सांगतील. आबांनी मान वर केली आणि विचारलं, "डायवरसाहेब, झोप झाली का?"

"का हो?"

"इचारलं आपलं."

"झाली की. का तुम्हाला चालवायची हाय?"

खिडक्यांतली माणसं हसली. मी बॅग पोटाशी धरून मागच्या बाकावर जाऊन बसले, हे गृहस्थ कोण मला ठाऊक नाही असा चेहरा करून. पण आबा गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आलेच. "डोळं लाल हायेत त्याचं," ते हळूच म्हणाले. "टेंभुर्णीपतोर तरी झोपू नगं." गाडी हलली तेव्हा ते दोन पावलं बरोबर चालले आणि जे म्हणाले ते मी पुढचं दीड वर्ष चघळत बसले. म्हणाले, "परत यायचं झालं तर लाजू नगं, संगे. दाराला कडी घालत न्हाई मी."

याचा मी तेव्हा एकच अर्थ लावला. बापाला माझ्या हरण्याची खात्री आहे, म्हणून दार उघडं.

माझा स्वभाव असा आहे. कोणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. लग्न करून गेले आणि दोन वर्षांत परत आले, त्यानंतर हा स्वभाव जास्तच पक्का झाला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते. पण शंका घ्यायचं मूळ बाळकडू आबांचं.

आबा मार्केट यार्डात हमाल. उभं आयुष्य त्यांनी ट्रकच्या मागच्या बाजूला काढलं. मागचा फाळका पाडायचा, पाठीवर पोतं घ्यायचं, फळीवरून वर चढायचं. ट्रकच्या केबिनमध्ये ते कधी बसले नाहीत. तरुणपणी माल उतरवायला सोबत जायचे तेही वर पोत्यांवर बसून, दोरखंड धरून. एकदा अशाच एका ड्रायव्हरला डुलकी लागली आणि ट्रक रस्ता सोडून शेतात कलंडला. आबांनी दोर धरला होता म्हणून ते वाचले. शेजारी बसलेला त्यांचा मित्र वाचला नाही. तेव्हापासून आबांचं एक वाक्य ठरलेलं: "डायवरची वाट बघावी, भरवसा धरू नये." आमच्या घरात हे वाक्य जेवताना, भांडताना, पाहुण्यांना निरोप देताना, कुठेही निघायचं.

आणि आबांच्या झोपेचीही एक खूण होती. आमच्याकडे माप घालताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. आबांना गाढ झोप लागली की ते झोपेत पोती मोजायचे. दुपारी ओसरीवर आडवे झाले की थोड्या वेळाने सुरू: "लाभ… दोन… तीन…" नुसते डोळे मिटून पडले असतील तर चिडीचूप. एखादा चिकट पाहुणा आला की ते झोपेचं सोंग घ्यायचे आणि आई दारातून सांगायची, "उठवा खुशाल. पोती ऐकू येत न्हाईत अजून."

अशा माणसाची लेक मी, आणि मी ट्रक ड्रायव्हर व्हायला निघाले होते.

बार्शीत तीन वर्षं मी शाळेची व्हॅन चालवली होती. पुण्यात बायकांना अवजड गाड्या शिकवायचा एक वर्ग निघाल्याचं कळलं. राहणं-खाणं फुकट. फुकट हा शब्द ऐकला की मी दोन पावलं मागे सरकते. त्यामुळे आधी तीनदा फोन केला, दरवेळी आवाज बदलून तेच प्रश्न विचारले आणि तिन्ही वेळा तीच उत्तरं आली तेव्हा गेले. वर्ग खरा होता. शिकवणारेही बरे होते. आम्ही अकरा जणी होतो; त्यातल्या मोठ्या गाडीवर नोकरीला लागलो दोघी. बाकीच्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. घरून फोन आले.

नोकरी लागली ती पुण्यातल्या एका ट्रान्सपोर्टमध्ये. मालक पेठेतले. आवाज कधी वर चढत नाही, पण समोरचा माणूस दोन इंच बुटका होऊन बाहेर पडतो. माझे कागद त्यांनी उजेडात धरून पाहिले, मग मला तसंच पाहिलं. "मॅडम, आपण फोटोपुरत्या आलात की टिकायला आलात, एवढंच सांगा. म्हणजे मला त्याप्रमाणे खुर्ची मागवता येईल."

"टिकायला," मी म्हटलं.

"उत्तम. सहा महिने बघू. गाडीला ओरखडा आला तर मी काही बोलणार नाही. फक्त पुन्हा बोलावणार नाही."

कात्रजला खोली घेतली. घरमालकीण कदमकाकू. त्यांच्या शेतावर शहर चढलं तेव्हा त्यांनी तीन मजले चढवले. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ट्रक चालवतीस? कुनाचा?" मी म्हटलं, मालकाचा. "त्ये कळलं. चालवत कोन असतं, त्ये इचारलं." त्यानंतर महिनाभर त्या रोज सकाळी माझ्या दारातल्या चपला मोजायच्या. माझ्या एका जोडाशेजारी दुसरा जोड कधी दिसतो याची वाट बघत होत्या. मीही काही कमी नव्हते. बाहेर पडताना कुलपाच्या फटीत काडी ठेवून जायचे, माझ्यामागे कोणी दार उघडतंय का बघायला. कधीच कोणी उघडलं नाही. तरी काडी ठेवणं मी सोडलं नाही.

आमच्या गाडीचा मार्ग पुणे ते बंगळुरू. गाड्यांचे सुटे भाग न्यायचे, येताना मिळेल ते आणायचं. माल वेळेत पोचायला हवा, म्हणून गाडीवर दोन ड्रायव्हर. एक चालवतो, दुसरा सीटच्या मागच्या फळीवर झोपतो. चार-पाच तासांनी अदलाबदल. गाडी थांबायची नाही. थांबली की ऑफिसातून फोन: "लोकेशन सतरा मिनिटं हललेलं नाही." एकदा मी सांगितलं, "साहेब, बाईमाणसाला लागतात सतरा मिनिटं." त्यानंतर त्या कारणासाठी फोन आला नाही.

माझ्या जोडीला वाघमारेमामा दिले. वय पंचावन्नच्या पुढे, तीस वर्षं स्टेअरिंगवर. राहायला येरवड्याला. येरवडा म्हटलं की लोक हसून विचारतात, आत की बाहेर? मामांचं उत्तर ठरलेलं: "सध्या बाहेर. तुमची ओळख असली तर आत सांगून ठेवा." डॅशबोर्डवर त्यांची बुद्धाची बोटभर मूर्ती असायची, डोळे मिटलेली. बाकीच्या ड्रायव्हरांनी बाईबरोबर ट्रिप नको म्हणून सांगितलं होतं. मामांनी हो म्हटलं होतं. हो म्हटलं, याचाच मला संशय.

पहिल्या ट्रिपला साताऱ्यापुढे मामांनी स्टेअरिंग घेतलं आणि म्हणाले, "जा, पड मागं." मी फळीवर आडवी झाले आणि उशाखाली सतरा-एकोणीसचा पाना ठेवून मुठीत धरला. डोळे मिटले. झोपले मात्र नाही. दोन भीत्या होत्या. पहिली कोणती ते बायकांना सांगायला नको. दुसरी आबांची. माझ्या पाठीखाली दहा टन माल धावतोय आणि तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांचा रंग मला मागून दिसत नाही.

मी कानांनी पहारा करायला लागले. उतार आला की काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकतात. इंजिनवर भार येत नाही, डिझेल वाचतं. पण मग गाडीला धरून ठेवायला उरतो एकटा ब्रेक, आणि तो तापला की कोणाचं ऐकत नाही. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत जो उतार आहे तिथे असे किती ट्रक लोकांच्या अंगावर गेलेत, ते पुणेकरांना विचारा. मी फळीवर पडून इंजिनाचा आवाज ऐकायचे. आवाज हलका झाला, टाकली का न्यूट्रलला? नाही, गिअर बदलला. मामांनी कधीच टाकली नाही. मला वाटायचं, मी जागी आहे हे यांना कळलंय, म्हणून टाकत नाहीत.

मग माझी पाळी यायची. मी चालवायचे आणि मामा मागे जाऊन पाचव्या मिनिटाला घोरायला लागायचे. एका लयीत, पंप चालू केल्यासारखे. मला त्यांचा हेवा वाटायचा. काय नशीबवान माणूस, मी म्हणायचे. त्या घोरण्याचाही मला संशय यायला हवा होता. तेवढा एक राहून गेला.

असे पाच महिने गेले. घरी फोन केला की आई सांगायची, "तुझ्या आबांची पोती बंद झालीत. पडून असत्यात, झोप न्हाई. कडी पन घालू देत न्हाईत." मला वाटायचं, मी परत यावं म्हणून हे दोघं मिळून रचतायत. "आई, गोळी दे त्यांना," असं म्हणून मी फोन ठेवायचे. मग स्वतः खोलीवर येऊन छताकडे बघत पडायचे. गाडीवर झोप नाही, म्हणून घरी लागेल असं वाटायचं. पण जागं राहायची सवय लागली की घरीही सुटत नाही. आरशात बघितलं तर डोळे त्या एसटीच्या ड्रायव्हरसारखे.

मग तो दिवस आला. आम्ही परत येत होतो. कोल्हापूरपासून गाडी माझ्याकडे होती. खंबाटकीचा बोगदा, पुढचं ते वाईट वळण, सगळं नीट काढलं. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर आले, सकाळचे अकरा, लख्ख ऊन, समोर पुणे पसरलेलं. गाडी गिअरमध्येच होती. इथवर सगळं मला आठवतं. पुढचं आठवत नाही, कारण मी तिथे नव्हते. डोळे उघडे होते, असं मामा नंतर म्हणाले. पण उघड्या डोळ्यांनी मी झोपले होते.

"संगीता! ब्रेक!"

पाय आपोआप गेला. गाडी हिसके खात, मागचा माल कण्हत, उभी राहिली. समोर पाण्याचा टँकर होता. त्याच्या मागे लिहिलेलं वाचायला मला मान पुढे करावी लागली नाही, इतका जवळ. मी गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले. मागे वळून पाहिलं तर मामा फळीवर बसलेले, डोळे टक्क उघडे आणि उजवा पाय माझ्या सीटच्या पाठीला रेटलेला.

"तुम्ही झोपला नव्हतात?"

मामांनी पाय खाली घेतला.

"आत्ता तर घोरत होतात."

"तोंड घोरत होतं," मामा म्हणाले. "पाय जागा होता."

"कधीपासून?"

"पहिल्या ट्रिपपासून. तू गाडी दाबली की हिकडं माझा ब्रेक लागतो. ही बघ." माझ्या सीटच्या पाठीमागचा पत्रा एका जागी चांगला टाचेएवढा आत गेला होता. "आणि तू तरी कुठं झोपतीस? झोपलेल्या माणसाच्या हातातनं पाना सुटतो. तुझा पाच महिन्यांत एकदा सुटला नाही."

"तुम्हाला पाना माहीत होता?"

"खड्ड्यात फळीवर आपटतो की. ठेव, माझं काय म्हणणं नाही. पोरीच्या जातीनं ठेवावा. पण डोक्याखाली नको ठेवू, जोरात ब्रेक लागला तर कानशिलात बसंल."

मी म्हटलं, "मामा, म्हणजे पाच महिने या गाडीत झोपलंय कोण?"

मामा चपला शोधायला लागले. "मालक," ते म्हणाले. "त्यांच्या घरी."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मामांनी पाण्याची बाटली पुढे केली. "तू बाई हायेस म्हणून नव्हे," ते म्हणाले. "तीस वर्षांत मी कुणाच्याच हाती गाडी देऊन झोपलो नाही. सवयच लागली." चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे दोन चोर होते आणि चोरी काहीच झाली नव्हती. चांदणं मात्र पाच महिने पडलं होतं.

पुढचा रस्ता मामांनी चालवला. मी शेजारी बसून एकच हिशेब करत होते: हा माणूस ऑफिसात सांगणार. सांगायलाच हवं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मी सांगितलं असतं. सहा महिन्यांना एक महिना बाकी होता, आणि टँकरच्या आणि माझ्यामध्ये जेवढं अंतर राहिलं होतं तेवढंच आता नोकरीच्या आणि माझ्यामध्ये होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर मामा मालकांच्या केबिनमध्ये, दार बंद. बाहेरच्या बाकावर बसून मी बार्शीच्या गाडीची वेळ आठवत होते. साडेअकराला एक होती. दाराला कडी नव्हती, ते तर मला माहीतच होतं.

दार उघडलं. मालक म्हणाले, "मॅडम, आत या. हे वाघमारे म्हणतात, मागच्या फळीला गादी हवी आणि पडदा हवा. उजेडाने झोप येत नाही म्हणे. मी विचारलं, हा ट्रक आहे की नाटक कंपनी?"

मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आपलं काय मत?"

"पडदा हवा, साहेब," मी म्हटलं. "नाटक बंद करायचं तर पडदा पाडावाच लागतो."

मालकांनी दोन्ही वस्तू कागदावर लिहून घेतल्या. त्यांना काही कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. गादी आली, पडदा आला. मामांनी माझ्या डुलकीबद्दल कुठेच अवाक्षर काढलं नाही, माझ्याकडेसुद्धा नाही. मी आठवडाभर वाट बघत होते की याच्या बदल्यात आता काय मागतील. त्यांनी एकच मागितलं.

"आजपासून जो चालवील त्यानं गावं म्हणायची," पुढच्या ट्रिपला गाडी काढताना ते म्हणाले. "गाव आलं की मोठ्यानं नाव घ्यायचं. आवाज आला म्हणजे डायवर जागा हाय. आवाज थांबला की मागच्यानं उठायचं. मग डोळं उघडं ठेवायची गरज नाही, कान पुरे."

मी हसले. पण शिरवळच्या अलीकडे पडद्यामागे जाऊन पडले तेव्हा ऐकत राहिले. मामा शाळेतल्या हजेरीसारखी गावं घेत होते. शिरवळ. खंडाळा. सुरूर. भुईंज. पाचवड. एकेका गावाला मी मनात हजर म्हणत होते. पाचवडनंतर लिंब यायला हवं होतं. ते मी ऐकलं नाही. मला जे पुढचं गाव ऐकू आलं ते धारवाड. बाहेर ऊन कलतीला आलं होतं, मामांनी मला पाळीला उठवलंच नव्हतं आणि पाना फळीखाली पडला होता.

"काय गं," मामा आरशातून म्हणाले, "कर्नाटक बघायचं होतं का?"

परतीला मी चालवत होते आणि मामा मागे होते. मी गावं म्हणत होते. उंब्रजला मागून घोरणं ऐकू आलं. वेडंवाकडं, मधेच अडकणारं, शिट्टी वाजवणारं, अगदी ऐकवत नाही असं. खरं घोरणं असं असतं तर. मी मुद्दाम एकदा ब्रेक थोडा जोरात दाबला. सीटच्या पाठीला लाथ बसली नाही.

सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मालकांनी गाडीची चावी टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "आता फोटो काढायला हरकत नाही."

तुम्ही जे बार्शीत राहिलात, तुम्हाला वाटतं पुण्याने मला बदललं. माझ्या बोलण्यात लोकेशन आलं, ड्युटी आली, फोनवर मी 'हां बोला' म्हणते म्हणून आत्या रागावते. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, वाकडला, चाकणला, कुठे कुठे खोल्या करून राहिलात, तुम्हाला ठाऊक आहे की बदलण्याचं काही एवढं अवघड नसतं. अवघड असतं झोपणं. परक्या गावात पहिला बराच काळ आपण नुसते डोळे मिटून पडलेले असतो. सामान हाताशी, कान दाराशी. तेव्हा कोणी विचारलं असतं घर कुठे, तर मी बार्शी म्हटलं असतं, पण बार्शीलाही सासरहून परत आल्यापासून मला धड झोप लागत नव्हती हे सांगितलं नसतं. कुलपात काडी ठेवणं मी सोडलं ते कधी, मला आठवत नाही. कदमकाकूंनी चपला मोजणं अजून सोडलेलं नाही. हल्ली एक जोड जास्त दिवस दिसला नाही तर फोन करून विचारतात, "हायेस का बाई, का पडलीस कुठं दरीत?"

गेल्या महिन्यात बार्शीची ट्रिप निघाली. डाळ मिलचं एक यंत्र पोचवायचं आणि येताना तूरडाळ आणायची. मी मालकांना विचारलं, वडिलांचा मोतीबिंदू काढायचाय, येताना आणू का? "आणा," ते म्हणाले. "पण वडील म्हणून आणा. मालाच्या बिल्टीवर लिहू नका."

मार्केट यार्डात गाडी मागे घेऊन लावली. पाठ गेल्यापासून आबा पोत्यांची तोंडं शिवायचं काम करायचे, आणि डोळ्यांमुळे आता सुईही दिसेनाशी झाली होती. माझी गाडी आलीय हे त्यांना कोणीतरी सांगितलं. ते आले. सवयीने आधी मागे गेले, फाळक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग गाडीच्या कडेकडेने चाचपत पुढे आले आणि माझ्या खिडकीखाली थांबले. मान वर केली.

"डायवरसाहेब," ते म्हणाले, "झोप झाली का?"

आजूबाजूचे हमाल हसले. मी हसले नाही. "झाली, आबा."

त्यांचा विश्वास बसला नाही. बसला असता तर ते आबा कसले. ते पायरीवर चढले, एका हाताने दांडी धरली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून आपल्या दुधाळ डोळ्यांनी माझे डोळे बघत राहिले. आधी एक, मग दुसरा. इतक्या जवळून बापाने मला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. "पांढरं हायेत," ते शेवटी म्हणाले आणि खाली उतरले.

आईने बरोबर भाकरी दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "दीड वर्ष झालं बग. तू गेलीस त्या दिवसापासनं रोज कडी काढून ठेवत्यात. म्हनत्यात, लेक डायवरच्या जिवावर हाय, मी कसा झोपू?" म्हणजे त्या उघड्या दाराचा अर्थ असा होता. ते माझ्या हरण्याची वाट बघत नव्हते. नुसती वाटच बघत होते. ड्रायव्हरची वाट बघावी, असं तेच म्हणत आले होते ना. मी इतकी वर्षं त्या वाक्याचा दुसरा अर्धा भागच ऐकत आले. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

आबांना फळीवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते केबिनमध्ये बसले होते, पण पडले नाहीत. पडद्याची दांडी दोन्ही हातांनी धरून ताठ बसले, पोत्यांवर दोर धरून बसायचे तसे. मी चालवत होते, मामा शेजारी होते. कुर्डुवाडी गेलं, टेंभुर्णी गेलं. मी सवयीने नावं घेत होते. "ही काय म्हनतीया?" आबांनी विचारलं.

"जागी असल्याचं सांगती तुम्हाला," मामा म्हणाले. "आवाज बंद झाला तर हाक मारा."

इंदापूर. पळसदेव. भिगवणला मी आरशात पाहिलं तर ते आडवे झाले होते, एक मूठ अजून दांडीवर. पाटसला मूठ तिथेच. यवतला मूठ सुटली होती, पण मी खूश झाले नाही. आबा सोंग घेऊ शकतात, हे आमच्या घरात कोणापासून लपलेलं नाही. लेकीला बरं वाटावं म्हणून पडले असतील डोळे मिटून. मामांनी पडदा सारून पाहिलं आणि मान हलवली. "झोपलेत."

"तुम्हीही झोपायचात पाच महिने," मी म्हटलं.

दुपारी अवजड गाड्यांना सोडतात तेवढ्या वेळात शहर गाठायचं होतं. लोणी गेलं आणि मांजरीपासून कोंडी लागली. रिक्षा, पीएमटी, टेंपो, सगळे एकदम हॉर्न वाजवत होते, डावीकडून एक दुचाकीवाला मला गाडी कशी चालवायची ते शिकवून पुढे गेला. या गोंगाटात कोणाला झोप लागणार? मी पहिल्या गिअरमध्ये गाडी सरकवत होते, कान मागे लावून. मागे चिडीचूप. मला माहीत होतं. जागेच आहेत.

"गाव म्हण," मामा हळूच म्हणाले. "थांबलीस तू."

"हडपसर," मी म्हटलं.

पडद्यामागून, जड जिभेने, आबांचा आवाज आला. "लाभ."

मी गाडी गिअरमध्ये धरून ठेवली आणि पुढचं ऐकत राहिले. "दोन," आबा म्हणाले. "तीन."